'मादाम बोव्हारी'चा पहिला भाग गटाने कसा वाचावा? लोक "काहीच घडत नाही" म्हणून थांबतात

रानजाई

सहा जणांचा वाचनगट आहे. आठवड्याला दीड तासाची एक बैठक, अशा आठ बैठकी. विषय ठरलाय संसारातली रोजची घुसमट आणि तिच्यावरचं कथासाहित्य. सुरुवात फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'ने करायची आहे. सगळे इंग्रजी अनुवादातून वाचणार, चर्चा मराठीत.

अडचण अशी की या कादंबरीच्या पहिल्या भागात वाचक हमखास गळतात. "लग्न झालं, नवरा कंटाळवाणा, बाई खिडकीत उभी, पुढे काय?" असं म्हणून पुस्तक मिटतात. जे टिकतात त्यांची चर्चा लगेच "चूक एमाची की शार्लची", म्हणजे बायकोची की नवऱ्याची, या वळणावर जाते आणि तिथेच रुतते. एकूण ३५ प्रकरणं आहेत, पहिल्या भागात ९, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात ११. आठवड्यांत ती कशी वाटावीत? वाचताना नेमकं कशावर बोट ठेवावं? आणि हे झाल्यावर याच विषयावरचं पुढे काय घ्यावं? ज्यांनी हे पुस्तक बारकाईने वाचलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

ओसरी

प्रकरणं समान वाटू नका. पहिली चूक तिथेच होते. ३५ भागिले ८ केलं की जिथे थांबायला हवं तिथून गट धावत सुटतो आणि जिथून पळायला हरकत नाही तिथे रेंगाळतो. माझी वाटणी अशी:

पहिला आठवडा, भाग १ मधली १ ते ६. दुसरा आठवडा, फक्त ७, ८, ९. तिसरा, भाग २ मधली १ ते ७. चौथा, एकटं आठवं प्रकरण, कृषिप्रदर्शनाचं. पाचवा, ९ ते १३. सहावा, १४ व १५ आणि भाग ३ मधली १ ते ४. सातवा, ५ ते ८. आठवा, ९ ते ११, आणि त्यानंतर पुस्तकाचं पहिलं प्रकरण पुन्हा.

दुसऱ्या आठवड्याला तीनच प्रकरणं ठेवलीत, कारण "काहीच घडत नाही" ही तक्रार तिथलीच आणि तिचं उत्तरही तिथेच आहे. उत्तर क्रियापदांत आहे. फ्रेंचमध्ये पुन:पुन्हा घडणाऱ्या, चालत राहणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा भूतकाळ आहे आणि फ्लोबेर संसाराचं वर्णन जवळजवळ सगळं त्यात करतो. इंग्रजीत तो बराचसा विरघळतो. 'आला', 'जेवला', 'झोपला' यांसारखी सपाट रूपं हाती येतात आणि वाचकाला वाटतं एका संध्याकाळची हकीकत चालली आहे. मराठी वाचकाकडे मात्र याच कामाचं हत्यार घरचं आहे: रीतिभूतकाळ.

सातव्या प्रकरणातला संध्याकाळचा उतारा गटात रीतिभूतकाळात म्हणून बघा. शार्ल उशिरा येई, दहाला, कधी बारालाही. मग जेवायला मागे, आणि मोलकरीण झोपलेली असल्याने एमाच वाढी. सैलपणे जेवता यावं म्हणून तो कोट काढून ठेवी. दिवसभरात भेटलेली माणसं, पालथी घातलेली गावं, लिहून दिलेली औषधं एकामागून एक सांगे. उरलेलं मांस संपवी, चीज सोली, सफरचंद खाई, पाण्याचं भांडं रिकामं करी, आणि मग अंथरुणावर पाठ टेकून घोरे.

आता हेच 'आला, मागितलं, सांगितलं, घोरला' असं म्हणा. एका दमलेल्या डॉक्टरची एक रात्र झाली, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. 'येई, मागे, सांगे, घोरे' म्हटल्याबरोबर त्या रात्रीमागे शंभर रात्री उभ्या राहतात. एमाचं असमाधान त्या शंभरांत आहे. शार्लच्या एकाही कृतीत दोष काढता येत नाही, म्हणून तर तिला भांडताही येत नाही.

त्याच प्रकरणाच्या शेवटी क्रियापद बदलतं. सप्टेंबरअखेरीला तिच्या आयुष्यात एक असाधारण गोष्ट येऊन पडली, असं वाक्य येतं. व्होब्येसारच्या सरदाराच्या वाड्यावरचं आमंत्रण. आठव्या प्रकरणातला तो नाच म्हणजे 'घडलेली' गोष्ट. नवव्यात पुन्हा 'असे, बसे, पाही'. गटातल्या प्रत्येकाला पेन्सिलने या तीन प्रकरणांत जिथे वेळ 'रीती'तून 'घटने'त जाते तिथे रेघ मारायला सांगा. रेघा फार थोड्या पडतील. कंटाळा किती मोजून मापून बांधलाय ते त्या थोडक्या रेघांवरून दिसतं.

तांब्याभांडं

ओसरी यांच्या वाटणीशी सहमत. कृषिप्रदर्शनाबद्दल एक भर: ते प्रकरण मनात वाचू नका, तीन आवाजांत मोठ्याने वाचा. एक जण व्यासपीठावरचा वक्ता, एक जण रोदोल्फ (एमाचा पुढे होणारा प्रियकर), एक जण निवेदक. वर नगरपालिकेच्या दालनात रोदोल्फ एमाला नशिबाच्या, आत्म्यांच्या ओढीच्या गोष्टी सांगतोय आणि खाली चौकात बक्षिसं पुकारली जाताहेत. एकदा तर त्याच्या प्रेमाच्या वाक्यात खताचं बक्षीस येऊन पडतं. एका आवाजात वाचलं की नुसता विनोद होतो. तीन आवाजांत वाचलं की कळतं, दोन्हीकडे घासून गुळगुळीत झालेलीच भाषा चालली आहे आणि एमाला तेवढी एक नवी वाटते आहे.

त्याच गर्दीत कातरीन लरू नावाची म्हातारी येते. एकाच शेतावर ५४ वर्षं चाकरी केल्याबद्दल तिला चांदीचं पदक मिळतं, किंमत २५ फ्रँक. गटाने इथे दोन मिनिटं थांबावं. वरच्या खिडकीतल्या बाईला आपलं आयुष्य फुकट चाललंय असं वाटतंय आणि खाली जिचं आयुष्य खरोखरच वापरून संपवलंय तिचे कष्टाने झिजलेले हात फ्लोबेर ओळीमागून ओळ दाखवत राहतो. पण तो एमाला "बघ, तुझं काय दुखतंय" असंही म्हणत नाही. दोन्ही दु:खं शेजारी ठेवतो आणि पुढे जातो. मला या पुस्तकातली सगळ्यात न्यायी जागा हीच वाटते.

"चूक कुणाची" हा प्रश्न पहिल्या तीन आठवड्यांत विचारायचाच नाही असा नियम करा. त्याऐवजी वस्तू विचारा. या प्रकारच्या लेखनात असमाधान मनोगतात कमी आणि वस्तूंत जास्त असतं. पाचव्या प्रकरणात एमा नव्या घरात पाऊल टाकते तेव्हा शार्लच्या पहिल्या बायकोचा लग्नातला पुष्पगुच्छ तिथे अजून पाण्याच्या बाटलीत आहे. शार्ल तो उचलून माळ्यावर नेतो आणि हिच्या मनात येतं, आपण मेल्यावर आपल्या गुच्छाचं काय करतील? नवव्या प्रकरणात सामान आवरताना तिच्या स्वत:च्या गुच्छाची तार बोटाला टोचते आणि ती तो विस्तवात टाकते. पहिला आठवडा सहाव्या प्रकरणाला संपतो, त्यामुळे हे दोन गुच्छ दोन वेगळ्या बैठकींत येतात. दुसऱ्या बैठकीत पहिल्या गुच्छाची आठवण कुणीतरी काढून द्यावी लागेल, नाहीतर जोडी निसटते.

आणि ताट. नवव्या प्रकरणातली ती खालची छोटी खोली: धुरकटणारी शेगडी, करकरणारं दार, ओल धरलेल्या भिंती. जगण्याचा सगळा कडवटपणा आपल्या ताटात वाढलाय असं एमाला वाटतं. उकडलेल्या मांसाची वाफ वर येते. शार्ल सावकाश जेवतो. ती एखादी बी कुरतडते, नाहीतर कोपर टेकून सुरीच्या टोकाने मेणकापडावर रेघा ओढत बसते. त्या मेणकापडावरच्या रेघा मला पुढच्या दोन्ही प्रेमप्रकरणांपेक्षा जास्त सांगतात.

रानजाई

दोघांचेही आभार. रीतिभूतकाळाची युक्ती वापरणारच. एक शंका उरते. बऱ्याच ठिकाणी हे मत फ्लोबेरचं की एमाचं ते कळत नाही. "शार्लचं बोलणं रस्त्याच्या फरसबंदीसारखं सपाट होतं" हे कोण म्हणतंय? लेखक म्हणत असेल तर तो शार्लवर अन्याय करतोय असं गटातल्या काहींना वाटेल.

मधली ओळ

रानजाई, हा प्रश्न कोर्टात गेलेला आहे. कादंबरी १८५६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये 'रव्ह्यू द पारी' या नियतकालिकात क्रमश: आली आणि जानेवारी १८५७ मध्ये लेखक, संपादक व मुद्रक यांच्यावर सार्वजनिक नीती व धर्म यांचा अवमान केल्याचा खटला उभा राहिला. सरकारी वकील पिनार, बचावाला सेनार. ७ फेब्रुवारी १८५७ ला सगळे सुटले आणि पुस्तक फ्लोबेरने सेनारलाच अर्पण केलं. पिनारची अडचण तुमच्या गटाचीच होती: एमाच्या मनातली वाक्यं कुठे संपतात आणि लेखकाची कुठे सुरू होतात ते पानावर लिहिलेलं नाही. प्रियकर मिळाल्याचा तिचा हर्ष त्याला लेखकाचंच व्यभिचाराचं गुणगान वाटला.

तंत्र असं की निवेदक तृतीयपुरुषीच राहतो, पण शब्द, उद्गार, प्रश्न पात्राचे येतात आणि "तिला वाटलं" हे मधलं दार काढून टाकलेलं असतं. "हे दैन्य असंच चालू राहणार? यातून सुटका नाहीच?" असं नवव्या प्रकरणात येतं. अवतरणचिन्ह नाही, 'म्हणाली' नाही.

चर्चा मराठीत करणार असाल तर इथे एक खड्डा आहे. मराठीत 'की' नंतर काळ मागे न्यावा लागत नाही, "ती म्हणाली की मी येते" असं आपण सहज बोलतो. त्यामुळे उतारा सांगताना आपण नकळत दोहोंपैकी एक करतो. एक तर 'मी' आणून तिच्या तोंडी संवाद घालतो, नाहीतर सुरुवातीला "तिला वाटलं की" चिकटवतो. दोन्हींत संशय मरतो. उतारा सांगायचा तर 'ती' ठेवा, वर्तमानाचा प्रश्न तसाच ठेवा आणि 'वाटलं' गाळा.

फरसबंदीच्या वाक्याला कसोटी लावून बघा. ही उपमा कुणाच्या जगातली आहे? त्या वाक्याच्या भोवती काय येतं? शार्लला पोहता येत नव्हतं, तलवारबाजी येत नव्हती, पिस्तूल चालवता येत नव्हतं, आणि एकदा तर तिला कादंबरीत सापडलेला घोडेस्वारीचा एक शब्दही त्याला समजावून देता आला नाही. म्हणजे आरोपांची यादी तिची आहे, कादंबऱ्या वाचून केलेली. पण उपमेची धार तिच्या आवाक्यातली वाटत नाही, ती फ्लोबेरची आहे. वाक्य दोघांचं आहे. शार्लवर अन्याय होतोच, पण तो कुठून होतोय हे आपल्याला दिसत राहतं. उलट बाजूही बघा: शार्लच्या सुखाचं वर्णन करताना निवेदक त्याच्याही इतकाच जवळ जातो. पहिल्या भागातलं पाचवं प्रकरण त्यासाठी हळू वाचा. सकाळी तो घोड्यावरून जातो आणि नुकतं खाल्लेलं चविष्ट काही जिभेवर घोळवावं तसं आपलं सुख घोळवतो. त्याच्या बाजूने हा संसार पूर्ण सुखाचा आहे, हीच त्यातली भयंकर गोष्ट.

गटासाठी काम: कुठलीही पाच वाक्यं निवडा आणि प्रत्येकापुढे 'तिचं', 'त्याचं', 'दोघांचं' लिहा. सहा जणांची उत्तरं जुळणार नाहीत. न जुळलेल्या वाक्यांवरच दीड तास घालवा.

ओसरी

'मधली ओळ' यांच्या शेवटच्या मुद्द्यामुळे एक सांगतो. शार्लला मूर्ख ठरवून वाचणाऱ्यांची पंचाईत दुसऱ्या भागाच्या अकराव्या प्रकरणात होते. खानावळीतला नोकर इपोलीत याच्या वाकड्या पायाची शस्त्रक्रिया तो स्वत:च्या हावेने करत नाही. औषधवाला ओमे आणि एमा त्याला भरीस घालतात, तिला नवऱ्याचा अभिमान वाटावा अशी एक संधी हवी असते. शार्ल पूर्ण पदवीचा डॉक्टरच नाही, खालच्या परवान्याचा वैद्यकीय अधिकारी आहे. पाय कुजतो, मांडीतून कापावा लागतो. त्या दिवशी एमाला शार्लची कीव येत नाही, स्वत:च्या अंदाजाची शरम वाटते. गटाने ते प्रकरण दोन्ही बाजूंनी वाचावं.

आता पुढचं काय घ्यावं.

टॉलस्टॉयची 'आना कारेनिना' अख्खी घ्यायची तर ८ भाग, २३९ प्रकरणं. आठ बैठकींत होणार नाही. पण तिच्यातून एकट्या डॉलीची, म्हणजे आनाच्या वहिनीची, वाट काढता येते आणि ती तुमच्या विषयाला आनाच्या वाटेपेक्षाही जवळची आहे. भाग १ मधली १ ते ४ आणि १९. भाग ३ मधली ७ व ८. भाग ६ मधली १६ ते २४. सोळा प्रकरणं, दोन बैठकींचं काम. डॉली नवऱ्याला सोडत नाही, कुणाच्या प्रेमातही पडत नाही. भाग ६ मध्ये ती आनाला भेटायला निघते तेव्हा गाडीत तिला पहिल्यांदा विचार करायला निवांत वेळ मिळतो आणि इतक्या बाळंतपणांनी आपलं काय झालं हे ती मनात मांडत जाते. मग आनाच्या श्रीमंत घरात सामान उघडताना तिथल्या नोकराणीसमोर तिला आपल्या ठिगळ लावलेल्या झग्याची लाज वाटते. घरी याच ठिगळांचा तिला अभिमान होता: सहा झग्यांना २४ आर्शिन (लांबीचं जुनं रशियन माप) कापड, दर ६५ कोपेक, म्हणजे शिलाई सोडून १५ रुबलच्या वर, आणि ते तिने वाचवलेले असतात. असमाधान किती अचूक मोजता येतं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

एकाच बैठकीत संपणारं हवं असेल तर चेकॉव्हची 'कुत्रेवाली बाई', १८९९ ची, चारच प्रकरणं. पहिल्यांदाच एकत्र आल्यावर ती रडवेली बसलेली असताना तिचा प्रियकर गुरोव कलिंगडाची फोड कापून सावकाश खातो, अर्धा तास कुणी बोलत नाही. पुढे मॉस्कोत तो एका ओळखीच्याला आपल्या मनातलं सांगायला जातो आणि उत्तर मिळतं: तुम्ही मघाशी म्हणालात ते खरं, माशाला जरा वास येत होता. त्या एका वाक्याने त्याचं सगळं शहरी जगणं त्याला असह्य होतं.

मराठीतलं म्हणून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' सुचवली जाईल. जरूर वाचा, पण 'आपली बोव्हारी' म्हणून नको. १८९० मध्ये त्यांनी सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमश: आली. तिथे नायिका यमू स्वत: 'मी' म्हणून सांगते, त्यामुळे वाक्य कुणाचं हा प्रश्नच येत नाही. आणि नवरा, रघुनाथराव, हे तिचं दु:ख नाही, तो तिचा एकमेव आधार आहे. तिची घुसमट घर, रूढी, सासर यांतून येते आणि तो गेल्यावर शंकरमामंजींच्या हातून तिचं जबरदस्तीचं केशवपन होतं. एमाला नवऱ्यापासून सुटका हवी असते, यमूला नवऱ्यासोबत जगायला मिळावं एवढंच हवं असतं. दोन्ही लागोपाठ वाचल्या तर हा फरक स्वच्छ दिसतो.

खतावणी

उशिरा लिहितोय, पण सगळ्यांनी एक गोष्ट बाजूला ठेवली आहे. पैसा. या कादंबरीचा शेवट प्रेमभंगाने होत नाही, हुंडीच्या कागदांनी होतो, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे देण्याच्या सही केलेल्या वचनांनी. प्रेमाकडे बघत वाचणाऱ्यांना तिसरा भाग अचानक घाईचा वाटतो, कारण कर्ज कधी चढलं ते त्यांनी पाहिलेलंच नसतं.

उपाय साधा. गटातल्या एकाने वहीच्या पानावर लेरो या कापडवाल्याचं खातं मांडायचं. तीन रकाने: प्रकरण, काय घेतलं किंवा सही केली, त्या वेळी एमाच्या मनात काय चाललं होतं. तिसरा रकाना गाळू नका, खरा हिशोब तिथेच आहे.

पहिली नोंद भाग २, प्रकरण ५. लेओं या तरुण कारकुनावरचं प्रेम एमा दाबून धरते आहे, घरकामात स्वत:ला बुडवते आहे, आणि त्याच दिवसांत लेरो ओढण्या-कापडं घेऊन दारात उभा राहतो. ती काही घेत नाही. तो जाताना सांगतो की पैशाची काळजी करू नका, लागले तर मीच देईन. हा माणूस घाई करत नाही. पुढे प्रकरण १२, रोदोल्फसाठीच्या भेटवस्तू आणि पळून जाण्यासाठी झगा, पेटी. मग रोदोल्फचं निरोपाचं पत्र येतं, ज्यावर अश्रू दिसावेत म्हणून त्याने पाण्याचा थेंब पाडलेला असतो. एमा आजारी पडते आणि बिलं शार्लच्या गळ्यात येतात, तो हुंडीवर सही करतो. भाग ३ मध्ये शार्लचे वडील वारतात, थोडी मिळकत येते, आणि लगेच लेरो एमाला मुखत्यारपत्राची कल्पना देतो. त्यानंतर तिला नवऱ्याच्या नकळत सही करता येते. यंत्र पूर्ण झालं.

ते चालतं असं: माल आधी, पैसे नंतर. नंतर म्हणजे हुंडी. मुदत आली की जुनी हुंडी मोडून व्याज-दलाली धरून नवी, मोठी. आणि कागद लेरोच्या हातात राहत नाहीत, ते रुआँ शहरातल्या सावकाराकडे जातात, त्यामुळे वसुलीच्या वेळी तो हात वर करू शकतो. दर गुरुवारी ती पियानोच्या शिकवणीच्या नावाखाली रुआँला लेओंकडे जाते ते खर्च याच खात्यात धरा. व्यभिचारातही तिला लग्नातलाच सगळा सपाटपणा सापडू लागला, हे वाक्य भाग ३, प्रकरण ६ मध्ये येतं. त्याच प्रकरणाच्या अखेरीला कोर्टाचा कागद येतो: २४ तासांत ८,००० फ्रँक. दोन्ही एकाच प्रकरणात आहेत हे गटाला पान उघडून दाखवा.

सातव्या आणि आठव्या प्रकरणात ती दारोदार फिरते. रोदोल्फकडे ३,००० मागते, तो शांतपणे माझ्याकडे नाहीत म्हणतो. फ्लोबेर इथे प्रेमाच्या भाषेचा शेवटचा भाव लावतो, तोही आकड्यात.

खातं एमाच्या मृत्यूवर बंद करू नका. शेवटची नोंद शेवटच्या प्रकरणात आहे. शार्लही जातो, सगळं विकलं जातं, आणि उरतात १२ फ्रँक ७५ सेंटिम. त्यातून त्यांच्या लहानग्या मुलीचं, बेर्तचं, आजीकडे जाण्याचं भाडं निघतं. आजी त्याच वर्षी वारते, मुलगी एका गरीब नातेवाईक बाईकडे जाते आणि ती तिला सूतगिरणीत कामाला पाठवते.